संघ कोचचा, पण खेळाडू कुणाचे?

26 जानेवारी 1997. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात सुपर बोल रंगला होता. सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना. एकीकडे ग्रीन बे पॅकर्स, दुसरीकडे न्यू इंग्लंड पेट्रियट्स. पॅकर्स 35-21 असे जिंकले. मला मात्र त्या निकालापेक्षा मैदानाच्या कडेला उभी असलेली चार माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. पॅकर्सचा मुख्य कोच माइक होमग्रेन आणि त्याच्या हाताखालचा एक साहाय्यक, अँडी रीड. पेट्रियट्सचा मुख्य कोच बिल पार्सेल्स आणि त्याचा साहाय्यक बिल बेलिचिक. कोचने फक्त संघ खेळवायचा, की संघात कोण असावं हेही त्यानेच ठरवायचं? या एका प्रश्नाचे जेवढे म्हणून निकाल लागू शकतात, तेवढे पुढच्या पंचवीस वर्षांत या चौघांच्या वाट्याला आले.

नाशिकमध्ये हा खेळ बघणारे थोडेच. तिकडचे रविवार दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात आणि सुपर बोल तर सोमवारी पहाटे पाचला. कॉलेज रोडवर प्रीमियर लीगवरून तावातावाने भांडणारी पोरं भरपूर भेटतील. अमेरिकन फुटबॉलचं नाव काढलं की मात्र ‘ते रग्बीसारखं असतं तेच ना?’ इथेच गाडी अडते. काळजी नको. हा वाद समजायला खेळाचे नियम यावे लागत नाहीत, माणसांचे स्वभाव कळले की पुरे.

आधी खेळाडू संघात येतात कसे ते बघू. आयपीएल डोळ्यांसमोर आणा. 2025 च्या हंगामाआधी जो मोठा लिलाव झाला, त्यात प्रत्येक संघाला 120 कोटींची मर्यादा होती. अमेरिकेतल्या एनएफएल या लीगमध्येही अशी मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात आणि ती 1994 पासून लागू झाली. 2025 साठी ती दर संघाला सुमारे 27.9 कोटी डॉलर होती. संघ 32, आणि प्रत्येकाच्या मुख्य यादीत 53 खेळाडू. लिलाव मात्र नाही. कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत निवडली जातात, तो ड्राफ्ट. आदल्या हंगामात ज्याची सगळ्यात जास्त वाताहत झाली, त्या संघाला पहिली निवड मिळते. याशिवाय करार संपून मोकळे झालेले खेळाडू घेता येतात. दोन संघ आपसात अदलाबदलही करतात, आणि त्यात खेळाडूंइतक्याच पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधल्या निवडीही (म्हणजे आपली निवडायची पाळी) देता-घेता येतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, खरी मेख तिथेच आहे.

हा सगळा कारभार जो बघतो, त्याला जनरल मॅनेजर म्हणतात. त्याच्या हाताखाली देशभर फिरून खेळाडू हेरणारे स्काउट असतात. कोच वेगळा, जनरल मॅनेजर वेगळा, आणि दोघांच्या डोक्यावर मालक. बहुतेक संघांत अशी विभागणी असते. काही कोच मात्र दोन्ही चाव्या मागतात. त्यातही बारकावे आहेत. ड्राफ्टमध्ये शेवटचा शब्द कुणाचा आणि 53 जणांच्या यादीत शेवटचा शब्द कुणाचा, हे करारात वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं. आपल्याकडे हे दुसऱ्या टोकाला आहे. गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी सामना असला की प्रेक्षकांत हमखास कुणीतरी विचारतं, ‘आपला अमका का नाही घेतला?’ आणि राग कोचवर काढतो. पण महाराष्ट्राचा संघ संघटनेची निवड समिती ठरवते. कोचला विचारत असतील, पण सही त्याची नसते.

आता पार्सेल्सची गोष्ट. तो सुपर बोल हरल्यावर आठवड्याभरात त्याने पेट्रियट्स सोडलं, आणि जाताना जे बोलला ते तिकडे आजही उगाळलं जातं. जेवण मीच रांधायचं असेल तर निदान थोडा बाजार तरी मला करू द्यावा, अशा अर्थाचं ते वाक्य. नाशिककराला हे फोड करून सांगायला नको. पूर्वी लग्नाचा आचारी ठरला की तो यादी द्यायचा: इतकं तूप, इतकी तूरडाळ, इतकं खोबरं. यजमान ती यादी घेऊन रविवार कारंज्यावर नाहीतर पंचवटीत जाऊन सामान आणायचा. (आता गंगापूर रोडच्या लॉन्सवर ताटाचा दर ठरतो, तो भाग वेगळा.) यजमानाने हलकं तूप आणलं आणि जिलबी बिघडली, तरी पंगतीत शिव्या खायच्या आचाऱ्याने. पार्सेल्सचं दुखणं नेमकं हेच होतं.

झालं होतं असं. 1996 च्या ड्राफ्टमध्ये त्याला बचाव फळीतला खेळाडू हवा होता. मालक रॉबर्ट क्राफ्टने खेळाडू निवडणाऱ्या विभागाच्या प्रमुखाची, बॉबी ग्रायरची बाजू घेतली आणि सातव्या क्रमांकावर टेरी ग्लेन हा रिसीव्हर, म्हणजे लांबवर पळून चेंडू झेलणारा खेळाडू, घेतला. भर सभेत कोचचा शब्द खाली पडला. गंमत बघा, त्याच हंगामात ग्लेनने 90 झेल घेतले. पहिल्याच वर्षी इतके झेल तोवर कुणीच घेतले नव्हते. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, त्यात नको असलेल्या त्या पोराचा वाटा मोठा होता.

म्हणजे कोच चुकला? थांबा. पार्सेल्स तिथून न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि या वेळी दोन्ही चाव्या घेऊनच. जेट्सने आदल्या वर्षी 16 पैकी एकच सामना जिंकला होता. त्याच्या पहिल्या वर्षी त्यांनी 9 जिंकले, दुसऱ्या वर्षी 12. त्या भांडणात मालकही बरोबर होता आणि कोचही. म्हणून एखादं उदाहरण पुढे करून ‘बघा, म्हणून कोचलाच सगळं द्यावं’ किंवा ‘म्हणून अजिबात देऊ नये’ असं जो सांगतो, त्याचं मी फारसं मनावर घेत नाही.

कोचच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा आहे तो जुळण्याचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू नुसता चांगला असून भागत नाही, तो कोचच्या पद्धतीत बसावा लागतो. बचावात काही कोच पुढच्या रांगेत तीन धिप्पाड गडी उभे करतात, काही चार. तीनच्या पद्धतीत मधला गडी असा लागतो, की त्याने एकट्याने समोरच्या दोघांना रोखून धरायचं. त्यासाठी दीडशे किलोच्या आसपासचा, जागचा न हलणारा माणूस हवा. चारच्या पद्धतीत हाच पैलवान पुष्कळदा बाकावर बसतो, कारण तिथे झटकन घुसणारा हवा असतो. खरेदी करणाऱ्याला ही पद्धत पटलेली नसेल, तर तो त्याच्या मते उत्तम माल आणतो आणि कोच तो वापरतच नाही. वर दोघेही मालकाकडे जाऊन एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात. आणि हरल्यावर पहिली मान कोचचीच जाते. नियमित हंगाम संपल्यानंतरच्या सोमवारी तिकडे इतक्या कोचची गच्छंती होते, की त्या दिवसाला ‘ब्लॅक मंडे’ असं नावच पडलंय.

विरोधातला पहिला मुद्दा अगदीच रुक्ष आहे, म्हणून कुणी बोलत नाही: वेळ. कॉलेजचे सामने बहुतेक शनिवारी असतात, एनएफएलचे बहुतेक रविवारी. जे पोरगं पुढच्या एप्रिलमध्ये निवडायचंय ते शनिवारी मैदानात असतं, तेव्हा कोच दुसऱ्या दिवशीच्या सामन्याच्या तयारीत बुडालेला असतो. सोमवारी आदल्या दिवशीच्या सामन्याची फिल्म, मंगळवारी पुढची आखणी, मग तीन दिवस सराव. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत हेच चक्र. स्काउटने मात्र त्याच काळात शेकडो मुलं पाहिलेली असतात, त्यांच्या कॉलेजच्या कोचशी बोललेला असतो, दुखापतींची माहिती काढलेली असते. हंगाम संपल्यावर कोच घाईघाईने फिल्म बघतो आणि त्याला एखादा आवडून जातो. त्याची नजर तयार असते हे खरं, पण बघितलेलं असतं कमी.

दुसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत वजनदार, आणि तो अकलेचा नाही, मुदतीचा आहे. कोच पुढच्या रविवारचा विचार करतो. त्याने तोच करावा, पगार त्यासाठीच मिळतो. पण ज्याला या वर्षी हरलो तर नोकरी जाणार हे ठाऊक आहे, त्याच्या हातात तीन वर्षांनंतरच्या ड्राफ्टच्या निवडी दिल्या तर तो त्या विकणारच. तुम्ही-आम्हीही विकल्या असत्या.

ह्यूस्टन टेक्सन्समध्ये हेच झालं. 2019 च्या उन्हाळ्यात त्यांनी जनरल मॅनेजरला काढलं आणि जागा रिकामीच ठेवली. कारभार कोच बिल ओब्रायनकडे आला. ऑगस्टमध्ये टेक्सन्सने लॅरेमी टन्सिल हा खेळाडू मायामीकडून आणण्यासाठी 2020 आणि 2021 अशा दोन्ही वर्षांची पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली. खेळाडू चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. जानेवारी 2020 मध्ये ओब्रायनला जनरल मॅनेजर हे पदही रीतसर मिळालं. मार्चमध्ये त्याने डीआंड्रे हॉपकिन्स हा लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरपैकी एक ॲरिझोनाला दिला, आणि बदल्यात डेव्हिड जॉन्सन हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू व दुसऱ्या फेरीची एक निवड घेतली. लोकांनी डोक्याला हात लावला. नवा हंगाम सुरू झाला, पहिले चारही सामने हरले, ऑक्टोबरमध्ये ओब्रायन घरी. पण बिल तर पुढेच यायचं होतं. टेक्सन्स त्या वर्षी इतके वाईट खेळले, की मायामीला दिलेली 2021 ची निवड अख्ख्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकाची ठरली. विकणारा गेला होता, नुकसान मागे उरलं होतं.

तिसरा मुद्दा मायेचा. स्वतः आणलेल्या खेळाडूला बाकावर बसवणं म्हणजे स्वतःची चूक चारचौघांत कबूल करणं. दुसऱ्याने आणलेला असेल तर कोच त्याला बिनदिक्कत बसवतो. खरेदी आणि वापर एकाच माणसाकडे आला, की ‘हा चालत नाहीये, सोडून दे’ म्हणणारा कुणी उरत नाही.

होमग्रेनची कथा यातली सगळ्यात बोलकी, आणि बहुतेक वेळा अर्धवट सांगितली जाणारी. ग्रीन बेमध्ये रॉन वुल्फ खेळाडू आणायचा, होमग्रेन खेळवायचा, आणि दोघांनी मिळून सुपर बोल जिंकला. मग 1999 मध्ये होमग्रेन सिॲटलला गेला तो कोच आणि जनरल मॅनेजर अशा दोन्ही पदांवर. चार हंगामांत 31 विजय, 33 पराभव. 2002 नंतर त्याच्याकडून जनरल मॅनेजरपद काढून घेतलं. तो कोच म्हणून राहिला, संघ सलग पाच वर्षं बाद फेरीत पोचला आणि 2005 च्या हंगामात सुपर बोलही खेळला. ‘पाहिलंत? एक टोपी काढली आणि डोकं चालायला लागलं,’ असा निष्कर्ष लगेच निघतो. पण त्या सुपर बोलच्या संघातला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून सगळी चढाई चालवणारा खेळाडू) मॅट हॅसलबेक, धावणारा शॉन अलेक्झांडर आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा स्टीव्ह हचिन्सन हे तिघेही आणले कुणी? होमग्रेननेच, 2000 आणि 2001 मध्ये, जनरल मॅनेजर असताना. बाजार त्याला येत होता. मला वाटतं, दोन्ही कामं एकाच वेळी झेपत नव्हती, इतकंच.

अँडी रीडचा प्रवास उलट्या दिशेचा. 1999 ते 2012 अशी चौदा वर्षं तो फिलाडेल्फिया ईगल्सचा कोच होता आणि 2001 पासून फुटबॉलच्या सगळ्या कारभाराचाही प्रमुख. पाच वेळा तो संघाला सुपर बोलच्या दारापर्यंत घेऊन गेला, एकदा आतही, पण तिथे बेलिचिकच्या पेट्रियट्सकडून 24-21 असा हरला. शेवटच्या वर्षी 16 पैकी चारच सामने जिंकून बाहेर पडला. 2013 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला घेतलं, तेव्हा खेळाडू आणायचं काम दुसऱ्याकडे होतं. 2017 च्या ड्राफ्टमध्ये चीफ्स 27 व्या क्रमांकावरून उडी मारून दहाव्यावर गेले आणि पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅकला घेतलं. या पोराचा पिच्छा सगळ्यात जास्त पुरवला होता तो निवड विभागातल्या ब्रेट व्हीचने, जो त्याच वर्षी पुढे जनरल मॅनेजर झाला. त्यानंतर रीडच्या नावावर तीन सुपर बोल आले. महोम्ससारखा खेळाडू मिळाला तर कुणीही जिंकेल असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण तो शोधायला कुणीतरी मोकळा होता, हेही तितकंच खरं.

रीड गेल्यावर त्याच ईगल्सने चिप केलीला आणलं. दोन वर्षं दहा-दहा सामने जिंकल्यावर 2015 मध्ये त्याच्या हाती सगळं दिलं आणि जनरल मॅनेजर हाउई रोझमनला बाजूला बसवलं. केलीने लशॉन मॅकॉयसारखा हुकमी खेळाडू विकला, क्वार्टरबॅक निक फोल्सही दिला, आणि वर्ष संपायच्या आत स्वतःच गेला. रोझमन परत आला, फोल्सही परत आला, आणि 2018 च्या फेब्रुवारीत ईगल्स सुपर बोल जिंकले. सामनावीर निक फोल्स.

राहिला बेलिचिक, ज्याचं नाव घेऊन सगळे कोच दोन्ही चाव्या मागतात. ज्या क्राफ्टने पार्सेल्सला बाजार करू दिला नाही, त्यानेच 2000 मध्ये बेलिचिकला अख्खं दुकान दिलं. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याने 199 व्या क्रमांकावर टॉम ब्रॅडी हा क्वार्टरबॅक निवडला. सहा सुपर बोल. एवढं यश दुसऱ्या कुठल्याच मुख्य कोचला मिळालेलं नाही, त्यामुळे हे उदाहरण झटकून टाकता येत नाही. पण पहिली नऊ वर्षं त्याच्या शेजारी स्कॉट पिओली हा खेळाडूंचा जाणकार बसलेला होता. आणि 2020 मध्ये ब्रॅडी गेल्यावर चार हंगामांत 29 विजय, 38 पराभव. जानेवारी 2024 मध्ये क्राफ्ट आणि तो वेगळे झाले. अटलांटाने त्याला मुलाखतीला बोलावलं, पण कोच म्हणून घेतलं दुसऱ्यालाच. एकहाती कारभाराचा हिशेब पहिल्या दहा वर्षांवर मांडला तर एक उत्तर येतं, शेवटच्या चारांवर मांडला तर दुसरं.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्येही हेच चाललंय. ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमध्ये 1986 पासून 2013 पर्यंत कोच होता आणि कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं यात त्याचा शब्द शेवटचा असायचा. पण त्याची मुदत लांब होती. सत्तावीस वर्षं राहणारा माणूस तीन वर्षांपुढचा विचार करू शकतो, बाकीच्यांची ती ऐपत नसते. न्यूकॅसलमध्ये 2008 साली कोच केविन कीगनला न विचारता इग्नासिओ गोन्झालेस नावाचा खेळाडू आणला गेला. कीगनने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. यूट्यूबवर बघ, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने राजीनामा दिला, प्रकरण लवादापुढे गेलं, आणि शेवटचा शब्द कीगनचाच असायला हवा होता असं ठरून क्लबला 20 लाख पौंड भरावे लागले. याच्या उलट लिव्हरपूल. 2017 मध्ये मोहम्मद सालाहला घ्या, घ्या म्हणून खेळाडू शोधणारा विभाग युर्गन क्लॉपच्या मागे लागला होता. क्लॉपच्या मनात आधी दुसरा होता. त्याने ऐकलं, आणि पुढे मोकळेपणाने तसं सांगितलंही.

माझं मत विचाराल तर कोचला नकाराचा अधिकार पूर्ण हवा. जो खेळाडू मला नको तो माझ्या गळ्यात नको, एवढं त्याला म्हणता आलंच पाहिजे, म्हणजे कीगनसारखी वेळ येत नाही. आपल्या पद्धतीला कसे खेळाडू लागतात याची यादीही त्यानेच द्यावी. पण कुणाला घ्यायचं आणि काय मोजून घ्यायचं, विशेषतः पुढच्या वर्षांच्या निवडी मोजायच्या असतील तर, तो शब्द दुसऱ्या माणसाचा असावा. आणि त्या दोघांचे करार एकाच दिवशी संपावेत. नाहीतर एकाला घाई आणि दुसऱ्याला निवांतपणा, यातून भांडणच निघणार.

सॅन फ्रान्सिस्कोने 2017 मध्ये असंच केलं. कोच काइल शॅनहन आणि जनरल मॅनेजर जॉन लिंच यांना एकत्र आणलं, दोघांना सहा-सहा वर्षांचा करार. चूक तिथेही झाली, आणि मोठी झाली. टेक्सन्सकडून मायामीला गेलेली 2021 ची ती तिसरी निवड आठवते? ती सॅन फ्रान्सिस्कोने घेतली. त्यासाठी तिसऱ्या फेरीच्या एका निवडीबरोबर पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या आणि ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक आणला. तो चालला नाही. 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो डॅलसला दिला. निर्णय दोघांनी मिळून घेतला होता, त्यामुळे तो आपल्यावर नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती, आणि त्याला मैदानात रेटत राहायचा हट्टही कुणी धरला नाही. मधल्या काळात 2022 च्या ड्राफ्टमधली सगळ्यात शेवटची, 262 वी निवड त्यांची होती. तिच्यावर त्यांनी ब्रॉक पर्डी नावाचा पोरगा उचलला होता. 2024 च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्को सुपर बोलमध्ये उतरलं, ते त्याच्याच जिवावर.